सह्यांच्या गाडीमागच्या बायका

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं ख्राइस्टचर्च हे पायी पाहायचं शहर आहे. गाव सपाट, रस्ते काटकोनात आखलेले आणि त्या आखीवपणाला न जुमानता शहराच्या मधून वळणं घेत जाणारी एव्हन नदी. माओरी भाषेत तिचं नाव ओटाकारो. १८५० मध्ये जहाजांनी आलेल्या इंग्रज वसाहतकऱ्यांना इथे दुसरं इंग्लंडच वसवायचं होतं. म्हणून रस्त्यांना वूस्टर, ग्लॉस्टर, ऑक्सफर्ड, केंब्रिज अशी नावं आहेत, नदीत चपट्या होड्या आहेत आणि काठावर विलोची झाडं. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसं गेली आणि मध्यवस्तीचा मोठा भाग पाडावा लागला. आज काचेच्या नव्याकोऱ्या इमारतीशेजारी अजून रिकामा भूखंड दिसतो आणि दोहोंच्या मधून जुनी ट्राम घंटा वाजवत जाते.

भारतातून इथे थेट विमान नाही. सिंगापूरमार्गे येणं सोयीचं पडतं. ऋतू उलटे असतात, त्यामुळे सप्टेंबर म्हणजे सरता हिवाळा. हवेत बोचरा गारठा असतो आणि बागांमधून कॅमेलियाची झाडं फुललेली असतात. मी मुद्दाम हा महिना निवडला, कारण मला जे पाहायचं होतं त्याचा वाढदिवस १९ सप्टेंबरला येतो.

शहरात पुतळे पुष्कळ. कॅथीड्रलच्या चौकात शहराचा संस्थापक मानला जाणारा जॉन रॉबर्ट गॉडली उभा आहे. १८६७ मध्ये बसवलेला हा पुतळा २०११ च्या भूकंपात कोसळला आणि २०१५ मध्ये परत उभा राहिला. तिथून वूस्टर रस्त्याने नदीकडे गेलं की दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत जीव गमावलेला कॅप्टन स्कॉट दिसतो. पांढऱ्या संगमरवरातला हा पुतळा त्याच्या पत्नीने, कॅथलीन स्कॉट यांनी घडवला. तोही भूकंपात पडून तुटला होता आणि २०१७ मध्ये पुन्हा बसवला गेला. संस्थापक, दर्यावर्दी, राणी व्हिक्टोरिया. कुठल्याही ब्रिटिश वसाहतीत असावी तशी ही मंडळी, आणि सगळी चौथऱ्यावरून खाली पाहणारी.

स्कॉटपासून जवळच, नदीच्या काठाने जाणाऱ्या ऑक्सफर्ड टेरेसवर, केट शेपर्ड राष्ट्रीय स्मारक आहे. राष्ट्रीय हा शब्द ऐकून मान वर करून पाहायला जावं, तर इथे वर काही नाहीच. कांस्याची एक लांब भिंतच आहे आणि तिच्यातून माणसाच्या उंचीच्या सहा बायका बाहेर आल्यासारख्या उठून दिसतात. लांब झगे, गळ्यापर्यंत बंद पोलकी, डोक्यावर टोप्या. त्यांच्याबरोबर एक छोटी गाडी आहे आणि गाडीवर कागदाची भलीमोठी गुंडाळी. अगदी जवळ जाऊन एकेकीचा चेहरा निरखता येतो.

मूळच्या डच असलेल्या मार्ग्रिट विंडहाउझन या शिल्पकर्तीने हे स्मारक घडवलं. १९ सप्टेंबर १९९३ रोजी, देशाच्या पहिल्या महिला गव्हर्नर जनरल डेम कॅथरिन टिझार्ड यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १९ सप्टेंबर १८९३ ला, गव्हर्नर लॉर्ड ग्लासगो यांनी एका विधेयकावर सही केली आणि न्यूझीलंडच्या स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला. स्वतःचा कारभार स्वतः चालवणाऱ्या देशांमध्ये असं करणारा हा पहिला देश. दर वर्षी या दिवशी लोक इथे पांढरी कॅमेलियाची फुलं घेऊन येतात. १८९३ मध्ये हक्काच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या खासदारांच्या कोटाला पांढरं कॅमेलिया लावलं जाई आणि विरोधक लाल लावत. आज देशाच्या दहा डॉलरच्या नोटेवर या लढ्याची पुढारी केट शेपर्ड आहे आणि तिच्याबरोबर हीच पांढरी फुलं आहेत.

स्मारकातलं दृश्य मात्र प्रत्यक्षात घडलेलं नाही. गाडीवरची गुंडाळी म्हणजे मताधिकार मागणाऱ्या बायकांच्या सह्यांचा अर्ज. तिचं काम केटने ख्राइस्टचर्चमध्ये पूर्ण केलं आणि ती वेलिंग्टनला खासदार सर जॉन हॉल यांच्याकडे पोचती केली. संसदेत ती मांडली हॉल यांनी. सभागृहात बाईला सदस्य म्हणून बसायला जागाच नव्हती. शिवाय या सहा जणी वेगवेगळ्या गावांच्या. केट आणि एडा वेल्स ख्राइस्टचर्चच्या. हॅरिएट मॉरिसन डनीडनची. तिथल्या शिवणकाम करणाऱ्या कामगार बायकांच्या संघटनेची ही पुढारी. हेलन निकोलही डनीडनची, आणि तिथल्या मताधिकार चळवळीची सूत्रं तिच्या हाती होती. एमी डाल्डी पार उत्तरेच्या ऑकलंडची. शिल्पकर्तीने या सगळ्यांना एका गाडीपाशी आणलं. चळवळ एका शहराची किंवा एका बाईची नव्हती, हे सांगायला तिला हा मार्ग सापडला असावा.

सहावी आकृती सर्वांत विचार करायला लावणारी आहे. ती आहे मेरी ते ताई मंगाकाहिया या माओरी स्त्रीची. तिने आपली मागणी वेलिंग्टनच्या संसदेपुढे मांडली नव्हती. माओरी जमातींनी आपलं स्वतंत्र प्रतिनिधिमंडळ भरवलं होतं, त्याला कोटाहिटांगा म्हणत. १८९३ च्या मे महिन्यात मेरी तिथे उभी राहिली आणि बायकांना मत तर द्याच, पण सदस्य म्हणून बसूही द्या, असं म्हणाली. तिचा मुद्दा व्यवहाराचा होता: जमिनी बायकांच्या नावावर आहेत, मग त्या जमिनींबद्दल बोलायला त्यांना जागा का नाही? गोऱ्या बायका तेव्हा फक्त मत मागत होत्या, म्हणजे मेरीची मागणी त्यांच्याहून पुढची होती. तिला याच गाडीपाशी उभं करणं ही शंभर वर्षांनंतरची दुरुस्ती म्हणायला हवी. 

केटची कहाणी वसाहतीतल्या अनेक बायकांसारखीच सुरू होते. लिव्हरपूलला स्कॉटिश आईवडिलांच्या पोटी जन्म. वडील गेल्यावर आई आणि भावंडांबरोबर १८६९ मध्ये इकडे आगमन. दोन वर्षांनी वॉल्टर शेपर्ड या दुकानदाराशी लग्न, एक मुलगा. ती सायकल चालवायची, आणि ते दिवस असे होते की सायकलवरची बाई ही चर्चेची गोष्ट होती. १८८५ मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन या दारूबंदीवाल्या संघटनेची प्रचारक मेरी लेविट न्यूझीलंडला आली आणि तिने गावोगावी शाखा काढल्या. केट त्यात होती. लहान मुलांना दारू विकू नका, गुत्त्यांमध्ये मुली कामाला ठेवू नका, असे अर्ज या बायकांनी संसदेकडे पाठवले आणि संसदेने ते बाजूला ठेवले. केटने त्यातून काढलेला निष्कर्ष सरळ होता: ज्यांना मत नाही त्यांचा अर्ज कोण वाचणार? १८८७ मध्ये संघटनेच्या मताधिकार विभागाची जबाबदारी तिच्यावर आली आणि पुढच्याच वर्षी तिने स्त्रियांना मत का हवं याची दहा कारणं सांगणारी पुस्तिका छापली. कायद्याने बायकांना मुलं, वेडे आणि कैदी यांच्या रांगेत बसवलं आहे, त्याची तिने त्यात थंडपणे टर उडवली आहे.

हीच संघटना त्याच काळात मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीच्या एका बाईच्याही आयुष्यात आली. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी १८८६ मध्ये पंडिता रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि पुढची दोनेक वर्षं तिथे फिरून व्याख्यानं देत राहिल्या. या संघटनेच्या प्रमुख फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांचा निकटचा परिचय झाला. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक लिहिलं. त्यात अमेरिकन बायकांनी संस्था कशा उभ्या केल्या, सभा कशा चालवल्या, पैसा कसा जमवला याचं बारकाईचं वर्णन आहे. मराठी प्रवासवर्णनात बायकांच्या संघटनेचं तंत्र इतक्या गांभीर्याने त्याआधी कोणी मांडलं नसावं. ख्राइस्टचर्चची केट आणि पुण्यामुंबईत काम करणाऱ्या रमाबाई एकाच मुळापाशी पाणी पीत होत्या. फरक इतकाच की केटच्या देशात संसद होती आणि तिला अर्ज करता येत होता. मुंबई इलाख्यात तशी सोय व्हायला १९२१ साल उजाडलं. त्या वर्षी विधिमंडळाने बायकांना मत दिलं, तेही मालमत्तेच्या अटीवर.

अर्ज हे केटचं हत्यार होतं. १८९१ मध्ये ९,००० हून अधिक सह्या जमल्या. विधेयक खालच्या सभागृहातून पार पडलं, वरच्यात अडकलं. १८९२ मध्ये सुमारे २०,००० सह्या झाल्या, पुन्हा अपयश. १८९३ मध्ये सगळे अर्ज मिळून सह्यांचा आकडा ३२,००० च्या जवळ पोचला. देशातल्या दर चार प्रौढ गोऱ्या बायकांपैकी जवळपास एकीने सही केली होती. फोन नाही, मोटार नाही. शहरातून चालत, खेड्यातून घोड्यावर किंवा बग्गीतून दारोदार जायचं, कागद पुढे करायचा, नवरा नको म्हणाला तर पुढच्या दाराशी जायचं. विरोधकांनीही अर्ज काढला. डनीडनचे खासदार हेन्री फिश यांनी पैसे देऊन माणसं नेमली आणि सह्या गोळा केल्या. त्यातल्या काही खोट्या निघाल्या आणि त्यांचंच हसं झालं.

या सगळ्या कागदांचं एकत्रीकरण जिथे झालं ते घर पाहायला मी बसने इलाम या उपनगरात गेलो. विद्यापीठाच्या जवळच्या क्लाइड रोडवर मोठ्या झाडांच्या मागे हे लाकडी बैठं घर आहे. शेपर्ड कुटुंब १८८८ मध्ये इथे राहायला आलं. ठिकठिकाणाहून आलेले सह्यांचे कागद केटने एकापुढे एक चिकटवले, त्याची एक अखंड पट्टी केली आणि ती झाडूच्या दांड्याच्या तुकड्याभोवती गुंडाळली. मुख्य अर्ज ५४६ कागदांचा होता. ही पट्टी २७० मीटरपेक्षा लांब भरली, म्हणजे फुटबॉलची अडीच मैदानं. सरकारने हे घर विकत घेतलं आणि २०२० मध्ये लोकांसाठी खुलं केलं. उघडण्याच्या वेळा बदलतात, त्यामुळे जाण्याआधी चौकशी केलेली बरी. खोल्या साध्या आहेत. स्मारकात ज्या प्रकारचं नाट्य आहे, त्याचं इथे नामोनिशाण नाही. इथे फक्त डिंक, कागद आणि वेळखाऊ काम होतं, हे चांगलं समजतं.

पुढचा भाग वेलिंग्टनचा. ख्राइस्टचर्चहून समुद्राच्या कडेने पिक्टनला जाणारी रेल्वे आहे. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला बर्फ धरलेले कायकोरा डोंगर. पिक्टनहून फेरीने कुक सामुद्रधुनी ओलांडायची की आपण राजधानीत. संसदेच्या समोरच मोल्सवर्थ स्ट्रीटवर राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि त्यात ‘हे तोहू’ नावाचं कायमचं प्रदर्शन आहे. मंद प्रकाशाच्या लाकडी दालनात देशाचे तीन कागद ठेवले आहेत: १८३५ ची माओरी स्वातंत्र्याची घोषणा, १८४० चा वाइतांगीचा करार आणि १८९३ चा हा अर्ज. करारापाशी लोक गांभीर्याने उभे असतात. अर्जापाशी बोटं फिरताना दिसतात, कारण बहुतेक जण नाव शोधत असतात. सह्यांची यादी संगणकावरही उपलब्ध आहे. पणजीची आई कुठल्या गावी राहत होती, तिने सही केली होती का, हे पाहायला शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे येतात. काचेमागे गुंडाळीचा थोडाच भाग उलगडलेला असतो. निरनिराळ्या शाईंमधली, निरनिराळ्या वळणांची नावं आणि पुढे पत्ते. कोणी सरावलेल्या हाताने लिहिलंय, कोणी अक्षर लावत. युनेस्कोने १९९७ मध्ये या अर्जाची जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत नोंद केली.

संसदेत ही गुंडाळी आली तेव्हा जॉन हॉल यांनी ती सभागृहाच्या मधल्या वाटेवर सोडून दिली. ती उलगडत गेली आणि आतला दांडा पलीकडच्या भिंतीवर आपटला, असं सांगतात. तरी खरा झगडा पुढे होता. मताधिकाराला अनुकूल असलेले पंतप्रधान जॉन बॅलन्स एप्रिलमध्ये वारले होते आणि त्यांच्या जागी आलेले रिचर्ड सेडन दारूवाल्यांचे मित्र होते. बायका मतदार झाल्या तर दारूबंदी येईल, ही धास्ती उघड होती. वरच्या सभागृहात विधेयक पडेल असा सेडन यांचा अंदाज होता. तो चुकतोय असं दिसताच त्यांनी आपल्या पक्षाच्या एका सदस्याचं मत फिरवलं. ही ढवळाढवळ विरोधी बाकांवरच्या दोघांना इतकी खटकली की विधेयकाला विरोध असूनही, निव्वळ सेडन यांना धडा शिकवायला, त्यांनी बाजूने मत दिलं. ८ सप्टेंबर १८९३ ला २० विरुद्ध १८ मतांनी विधेयक पार पडलं. म्हणजे शेवटचा धक्का दिला तो दोन रागावलेल्या म्हाताऱ्यांनी. पण ३२,००० सह्या नसत्या, तर विधेयक त्यांच्या रागापर्यंत पोचलंच नसतं. गव्हर्नरनी सहीचं पेन केटला भेट पाठवलं.

निवडणुकीला जेमतेम काही आठवडे उरले होते. तेवढ्यात १,०९,४६१ बायकांनी मतदार म्हणून नाव नोंदवलं आणि २८ नोव्हेंबरला त्यांतल्या ९०,२९० जणींनी मत दिलं, म्हणजे ८२ टक्क्यांहून अधिक. मतदान केंद्रांवर दारुडे बायकांना त्रास देतील असं भाकीत होतं. प्रत्यक्षात निवडणूक नेहमीपेक्षा शांततेत झाली. माओरी जागांसाठी डिसेंबरमध्ये मतदान झालं, त्यात माओरी बायकांनीही मत दिलं. चिनी आणि ज्यांना परके म्हणून वगळलं होतं अशा रहिवाशांना मात्र हा हक्क नव्हता. सगळ्या स्त्रियांचा विजय म्हणताना ही रेघ विसरून चालत नाही.

मत मिळालं, पण उभं राहण्याचा हक्क मिळायला १९१९ साल उजाडलं. त्याआधी १९१७ मध्ये स्मारकातल्या एडा वेल्स ख्राइस्टचर्चच्या नगरपालिकेवर निवडून गेलेल्या पहिल्या महिला ठरल्या. संसदेत पहिली बाई पोचली १९३३ मध्ये: एलिझाबेथ मॅकॉम्ब्स, ख्राइस्टचर्चशेजारच्या लिटल्टन मतदारसंघातून. केट तेव्हा हयात होती. जुलै १९३४ मध्ये ती गेली. ॲडिंग्टनच्या दफनभूमीत तिची समाधी आहे. पुढे जेनी शिपली, हेलन क्लार्क, जसिंडा आर्डर्न अशा तीन महिला पंतप्रधान झाल्या, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत प्रथमच पुरुषांपेक्षा बायका जास्त झाल्या: ६० विरुद्ध ५९.

वेलिंग्टनमधला एक योगायोग गमतीचा आहे. संसदेसमोर रिचर्ड सेडन यांचा उंच पुतळा आहे, हात पुढे करून बोलत असल्यासारखा. त्याच परिसरातल्या रस्त्यांवर पादचाऱ्यांच्या सिग्नलमध्ये, नेहमीच्या चालणाऱ्या माणसाच्या जागी, २०१४ पासून झग्यातल्या केटची हिरवी आकृती बसवली आहे. पंतप्रधान बोलत राहतात. रस्ता ओलांडायचा असेल तर लोक केटकडे पाहतात.

हा प्रवास आखणाऱ्याला माझा सल्ला इतकाच की, जमलं तर ख्राइस्टचर्चआधी वेलिंग्टन करावं. स्मारक पाहिलं की एका बाईचं कौतुक मनात येतं आणि त्यात गैर काही नाही. पण अर्जाचे ते कागद आधी पाहिले असतील, तर ऑक्सफर्ड टेरेसवर पोचल्यावर नजर केटच्या चेहऱ्याआधी गाडीवरच्या गुंडाळीकडे जाते. शिल्पात सहा बायका आहेत. बाकीच्या हजारो गुंडाळीत आहेत, आणि दारोदार जाऊन त्यांना तिथे आणणं हेच केटचं राजकारण होतं.